लुडविग्सहाफेनला मित्राकडे राहायला जाताना

"ये की इकडे, आठ-दहा दिवस राहून जा," असा फोन जर्मनीतून आला की आपल्याकडे बहुतेक घरांत पहिली चौकशी होते ती तिथून पॅरिस किती लांब आणि स्वित्झर्लंड किती लांब याची. मग नकाशा उघडला जातो, पंधरा दिवसांत पाच-सहा देश बसवले जातात, आणि ज्यानं बोलावलं त्याच्या वाट्याला उतरल्याची रात्र आणि परतीची रात्र एवढंच उरतं. ऱ्हाइनकाठच्या या भागात राहून इतक्या वर्षांत पाहुण्यांची जी ये-जा पाहिली, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. लुडविग्सहाफेनसारख्या कामगारांच्या गावात आपलं माणूस राहत असेल, तर निम्मी सुट्टी तिथेच काढावी. पॅरिसचा मनोरा तिकीट काढून कधीही बघता येतो. जर्मन माणूस रविवारी काय करतो, पाव कुठून आणतो, शेजाऱ्याकडे किती वाजता जातो आणि किती वाजता उठतो, हे मात्र कुणाच्या तरी घरात राहिल्याशिवाय कळत नाही.

गावाबद्दल खरं ते आधीच सांगते, म्हणजे उतरल्यावर हिरमोड व्हायला नको. लुडविग्सहाफेन देखणं म्हणून नावाजलेलं नाही. लाकडी चौकटींची जुनी घरं, किल्ला, दगडी गल्ल्या असलं काही इथे शोधू नका. गावच मुळी तरुण आहे. हा भाग बव्हेरियाच्या राज्यात होता तेव्हा राजा पहिला लुडविग याच्या नावानं ऱ्हाइनच्या डाव्या काठावर बंदर वसलं आणि १८५९ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इथल्या रसायन कारखान्यामुळे गावावर बेसुमार बॉम्ब पडले आणि नंतर जे उभं राहिलं ते काँक्रीटचं. त्या काळातले उड्डाणरस्ते आता थकले आहेत. दक्षिणेकडचा २०२० साली पाडावा लागला आणि शहराच्या मध्यावर अजून पाडापाड आणि बांधकाम सुरू आहे. पलीकडच्या काठावर मानहाइम, पुढे हायडेलबर्ग. पर्यटक तिकडे जातात आणि लुडविग्सहाफेनवरून गाडी नुसती पुढे निघून जाते.

तरीही मराठी माणसं इथे आहेत, आणि त्याचं कारण बीएएसएफ. माटुंग्याची आयसीटी, पुण्याची एनसीएल इथून बाहेर पडलेल्या रसायनवाल्यांना हे नाव नवं नाही, आणि नवी मुंबईत तुर्भ्यालाही याच कंपनीचा कारखाना आहे. तुमचा मित्र किंवा मैत्रीण तिथे कामाला असेल, किंवा जवळच्या वाल्डॉर्फला एसएपीमध्ये. तेव्हा गावात पाऊल टाकण्यापूर्वी या कारखान्याची गोष्ट ठाऊक करून घ्या, कारण इथल्या घराघरांतल्या गप्पा त्याच्याभोवती फिरतात. १८६५ साली फ्रीडरिश एंगेलहॉर्न यानं मानहाइममध्ये कंपनी काढली, पण तिथे जमिनीचं जमलं नाही म्हणून कारखाना नदीपलीकडे, म्हणजे इथे आला. आज त्याचं आवार साधारण दहा चौरस किलोमीटर आहे आणि आतल्या नळवाहिन्यांची लांबी २,८०० किलोमीटरच्या वर जाते. जुनी माणसं अजूनही कंपनीला 'अनिलीन' म्हणतात.

आपला या कारखान्याशी नोकरीपलीकडचा संबंध आहे. १८९७ साली बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली. त्यानंतर बंगाल-बिहारमधल्या निळीचा भाव कोसळत गेला, मळेवाल्या गोऱ्यांनी आपला तोटा कुळांच्या अंगावर ढकलायला सुरुवात केली, आणि त्या जाचाविरुद्ध १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले. १९१३ साली याच गावच्या ओपाऊ भागात हवेतल्या नायट्रोजनपासून मोठ्या प्रमाणावर अमोनिया बनू लागला. आपल्या शेतात आज पडणारा युरिया त्याच वाटेनं आला. त्याच ओपाऊमध्ये २१ सप्टेंबर १९२१ रोजी खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसं मेली. कंपनीचं अभ्यागत केंद्र आहे, आणि कारखान्याची फेरीही करता येते. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं, आणि आत फोटो काढण्याआधी विचारावं. घरातल्या मुलांना किल्ल्यांपेक्षा ही फेरी जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

आता तयारी. मित्राकडे राहायला येणाऱ्यानं शेंगेन व्हिसाच्या अर्जाला त्याचं निमंत्रणपत्र जोडावं. त्यात तुमचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, नातं, मुक्कामाच्या तारखा आणि त्याचा पत्ता स्पष्ट हवा. तुमचा खर्च तुम्ही करणार असाल तर स्वतःचे बँकेचे कागद पुरतात. यजमान खर्चाची हमी घेणार असेल, आणि निवृत्त आई-वडिलांच्या बाबतीत बहुधा तसंच असतं, तर त्यानं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून रीतसर हमीपत्र घ्यायचं असतं. त्याचं जर्मन नाव लांबलचक आहे, 'फरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग', पण यजमानाला ते नाव सांगितलं की पुरे. त्याला २९ युरो लागतात आणि मूळ प्रत कुरिअरनं तुमच्याकडे यावी लागते, स्कॅन चालत नाही. त्या कार्यालयात भेटीची वेळ पटकन मिळत नाही, म्हणून हे काम सगळ्यात आधी मार्गी लावा. प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्याची सुट्टी गाठायची असेल तर थंडीतच हालचाल करावी. व्हिसावर मिळणारा मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा.

बॅग भरताना खरी पंचाईत होते ती खाऊची. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यात साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, कुंदा सगळं आलं. आईनं घरी कढवलेलं तूप कस्टमवाल्यांनी समोर कचऱ्यात टाकलं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून ते आणूच नका. लोणी इथे उत्तम मिळतं, तूप मित्राच्या स्वयंपाकघरात कढवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांनाही रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या गोष्टी त्यातून वगळल्या आहेत, हापूस त्यात नाही. आणावं काय, तर गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, कोकम, चकली, चिवडा, तीळगूळ, भाजणी. ज्वारीचं आणि नाचणीचं पीठ दिलं तर यजमानीण तुम्हाला दुवा देईल. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. भेटवस्तू विमानानं येणाऱ्याला ४३० युरो किमतीपर्यंत जकातीविना आणता येतात.

मुंबईहून फ्रँकफर्टला उतरलात की विमानतळावरूनच मानहाइमची जलदगाडी मिळते. अर्ध्या तासाचा प्रवास. मानहाइमला गाडी बदलून एस-बान पकडायची, ती पूल ओलांडून काही मिनिटांत लुडविग्सहाफेनला पोचते. इथे हमखास एक चूक होते. लुडविग्सहाफेनचं 'हाउप्टबानहोफ', म्हणजे मुख्य स्टेशन, गावाच्या मध्यात नाही. मध्यातलं स्टेशन 'मिटे'. नाव मोठं म्हणून मुख्य स्टेशनचं तिकीट काढू नका, मित्राला आधी विचारा कुठे उतरायचं ते. महिनाभर राहणार असाल तर 'डॉइचलँड-तिकीट' घ्यावं. जानेवारी २०२६ पासून त्याला महिन्याला ६३ युरो पडतात, आणि त्यात देशभरच्या ट्रॅम, बस, एस-बान आणि प्रादेशिक गाड्या येतात, जलदगाड्या येत नाहीत. ते दरमहा आपोआप नवं होतं. शेवटच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द करायचं विसरलात तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

घरी पोचल्यावरच्या गोष्टी साध्या आहेत, पण यजमानाची झोप त्यांवरच अवलंबून असते. इमारतीच्या दाराशी घंटीवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं, त्यामुळे ते नीट लिहून ठेवा. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची. मिक्सर, हातोडी, मोठा आवाज बंद. काचेच्या बाटल्या सार्वजनिक डब्यात टाकायचा आवाजसुद्धा रविवारी चालत नाही. मुंबईशी व्हिडिओ कॉल गॅलरीत उभं राहून मोठ्यानं करू नका. वेळेच्या फरकामुळे पहाटे उठणाऱ्या ज्येष्ठांनी हे विशेष लक्षात ठेवावं. कचरा वेगळा करणं इथे रोजच्या वागण्यात मुरलेलं आहे. कागद, वेष्टनं, ओला कचरा आणि उरलेला, असे चार डबे. कुठला कशात हे यजमानाला एकदा विचारून घ्या आणि डब्याजवळ मराठीत लिहून चिकटवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या आणि पेयांचे डबे टाकायचे नाहीत. त्यांवर २५ सेंट अनामत असते, बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की ती परत मिळते. पिण्याला नळाचंच पाणी घ्या, ते चांगलं आहे.

फोडणीबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. घराघरांत छताला धुराची सूचना देणारी यंत्रं लावणं इथे कायद्यानं सक्तीचं आहे. मिरचीची फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, जिन्याकडचं दार अजिबात उघडू नका. थंडीतसुद्धा दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडून घरातली हवा बदलण्याची इथली पद्धत आहे. भाडेकराराच्या कागदांतही ती बऱ्याचदा लिहिलेली असते, कारण ओल धरली की भिंतीला बुरशी येते. यजमान खिडकी उघडतो तेव्हा "अरे, थंडी आहे, लाव ना" म्हणू नका. न्हाणीघरात बादली ओतून अंघोळ करायची सवय असेल तर तीही आवरा. बहुतेक ठिकाणी पाणी जायला जाळी फक्त शॉवरखाली असते, बाकीच्या फरशीवर पडलेलं पाणी खालच्या घराच्या छतातून गळतं.

रविवारी दुकानं बंद असतात. सकाळी बेकरी काही तास उघडते आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं चालू असतात, बाकी शुकशुकाट. त्यामुळे शनिवारी दुपारी भाजी, दूध, पाव आणायचं काम तुम्ही अंगावर घ्या. यजमानाला पाहुण्यानं केलेली ही मदत भेटवस्तूपेक्षा मोठी वाटते. रविवारी सकाळी बेकरीत जाण्याचं कामही मागून घ्या. रांगेत उभं राहा, आपली पाळी आली की 'गुटेन मॉर्गेन' म्हणा, बोटानं दाखवून चार छोटे पाव आणि दोन ब्रेत्सेल मागा, पैसे मोजून द्या, 'श्योनेन झोनटाग' म्हणून निघा. पहिल्या रविवारी बाई तुमच्याकडे नुसतं बघतील. दुसऱ्या रविवारी तुम्ही दारात दिसताच ब्रेत्सेलकडे हात नेतील. अनोळखी गावात कुणीतरी आपल्याला ओळखलं याचा आनंद तिकीट काढून मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट, जर्मन माणसाच्या घरी जाण्याची. तुमच्या मित्राचे शेजारी किंवा ऑफिसातले लोक तुम्हाला कॉफीला बोलावतील. बोलावलं नाही तर मित्राला सांगा की तू त्यांना बोलाव. जर्मन घरातलं पाहुण्याचं बोलावणं बहुधा दुपारी साडेतीन-चारच्या 'काफे उंड कूखेन'चं असतं, कॉफी आणि केक. दिलेल्या वेळेला पोचायचं, म्हणजे अगदी त्या वेळेला. पंधरा मिनिटं उशीर होणार असेल तर कळवायचं, आणि दहा मिनिटं आधी पोचलात तर कोपऱ्यावर एक फेरी मारायची, कारण घरातली बाई त्या वेळी मेज मांडत असते. हातात फुलं घ्या. संख्या विषम असावी, कागद दारातच काढून फुलं द्यावीत, लाल गुलाब टाळावेत, कारण ते प्रेमाचं लक्षण मानतात. फुलांऐवजी चॉकलेट चालतं. आपल्याकडची तांब्या-पितळेची लहानशी वस्तू किंवा हातमागाचा रुमाल दिलात तर तो कसा बनतो हे दोन वाक्यांत सांगायची तयारी ठेवा. ते विचारतातच.

दारात बूट काढायचे की नाही हे घरागणिक बदलतं, यजमानाच्या पायांकडे बघून ठरवा. हस्तांदोलन सगळ्यांशी करायचं, मुलांशीसुद्धा, आणि डोळ्यांत बघून. मोठ्यांच्या पाया पडलात तर ते गोंधळतात. वयस्क शेजाऱ्यांना 'झी' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही', आणि आडनावानं हाक मारायची. त्यांनी आपणहून 'डू' म्हणा असं सांगितलं की मगच 'तू' वर यायचं. केक वाढल्यावर सगळ्यांच्या ताटलीत येईपर्यंत थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्यांदा विचारलं तेव्हाच हो म्हणायचं. आपण सवयीनं "नको, नको" म्हणतो आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघतो. इथे आग्रह नाही. नको म्हटलं म्हणजे नको, केक परत फळीवर जातो आणि तुम्ही उपाशी राहता. खरंच नको असेल तर तसं स्पष्ट सांगितलं तरी कुणाला वाईट वाटत नाही. अंडं चालत नसेल, जिलेटिन चालत नसेल, तर बोलावणं आल्या दिवशीच कळवा. आयत्या वेळी कळलं तर त्या बाईंना मनापासून वाईट वाटतं. पगार, घराची किंमत, लग्न का केलं नाही, मूल का नाही, हे प्रश्न विचारू नका. कारखाना, बाग, प्रवास, मुलांची शाळा, पाव कसा भाजला, यांवर तासन्‌तास बोलता येतं. युद्धाचा विषय त्यांनी काढला तर ऐका, ते त्याबद्दल मोकळेपणानं बोलतात. सहाच्या सुमाराला उठावं. जेवायला बोलावलं नसेल तर रेंगाळू नये.

मग परतफेडीचं बोलावणं तुमच्याकडून, मित्राच्या घरी. इथे तुमचा हात चालू द्या. तिखट अगदी बेतानं घाला, ठेचा वेगळा ठेवा. थालीपीठ, साबुदाणा वडा, मसालेभात, कोशिंबीर हे आवडतं. गोडाला श्रीखंड करा. जर्मनीत 'क्वार्क' नावाचा पदार्थ प्रत्येक दुकानात मिळतो, तो म्हणजे जवळजवळ आपला चक्का. चाळीस टक्के स्निग्धांशाचा घ्या, फडक्यात दोन-तीन तास टांगा, मग साखर, केशर, वेलदोडा. इथल्या माणसांनी क्वार्क जन्मभर खाल्लेला असतो, पण कांदा आणि कांद्याची पात घालून, उकडलेल्या बटाट्याबरोबर. 'वायसर केज' म्हणतात त्याला, आणि या भागातला तो रोजचा शाकाहारी घास आहे. आमच्या शेजारच्या आजींनी केशरी श्रीखंडाचा पहिला चमचा तोंडात घातला, थांबल्या, मग वाटी नाकाजवळ नेऊन वास घेतला, आणि विचारलं, "हा खरंच क्वार्क आहे?" पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः केलेलं श्रीखंड चव बघायला पाठवलं. त्यात वेलदोड्याऐवजी दालचिनी होती आणि ते चांगलं लागत होतं.

हा सगळा प्रदेश फाल्ट्सचा, आणि फाल्ट्सची माणसं बाकीच्या जर्मनीच्या मानानं मोकळी, मोठ्यानं बोलणारी, खाण्यापिण्याची शौकीन. इथला सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ 'झाउमागेन', डुकराच्या पोटाच्या पिशवीत बटाटे आणि मांस भरून शिजवलेला. लुडविग्सहाफेनला १९३० साली जन्मलेले आणि याच गावच्या ओगर्सहाइम भागात शेवटपर्यंत राहिलेले चॅन्सेलर हेल्मुट कोल परदेशी पाहुण्यांना जवळच्या डायडेसहाइम गावी नेऊन हेच जेवू घालत. १९८९ साली मार्गारेट थॅचर आणि पुढच्या वर्षी गोर्बाचोव्ह तिथे जेवून गेले. मांसाहारी असाल तर एकदा जरूर खा. शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. 'डाम्फनूडेल' म्हणजे खालून खारट खमंग पापुद्रा आणि वरून मऊ असा वाफवलेला गोळा, तो गोड सॉसबरोबर देतात. उन्हाळा संपताना बटाट्याचं सूप आणि त्यासोबत आलुबुखारासारख्या फळाचा केक, अशी एक जोडी घरोघर होते. खारट आणि गोड एकत्र ऐकून नाक मुरडू नका, खाऊन बघा. वसंतात पांढरा शतावरीचा कोंब, 'श्पार्गेल', येतो आणि २४ जूनला त्याचा हंगाम संपतो. सूप आणि कांद्याच्या केकमध्ये डुकराच्या चरबीचे तुकडे बऱ्याचदा असतात, म्हणून मागवताना 'ओने फ्लायश, ओने श्पेक' म्हणा, म्हणजे मांस नको, चरबी नको. बिल मागितल्यावर एकत्र की वेगळं असं विचारतात. वेगळं देण्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. बक्षिशी पाच ते दहा टक्के, आणि ती मेजावर ठेवून यायची नसते. पैसे देतानाच वाढवलेली रक्कम सांगायची.

सप्टेंबरमध्ये येत असाल तर बाड डुर्कहाइमची जत्रा चुकवू नका. नाव 'वुर्स्टमार्क्ट', म्हणजे सॉसेजचा बाजार, पण ही वाइनची जत्रा आहे. सहाशे वर्षांहून जुनी, आणि जगातली सगळ्यात मोठी वाइनची जत्रा म्हणून ओळखली जाते. महिन्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी भरते. लुडविग्सहाफेनहून ४ नंबरची ट्रॅम द्राक्षमळ्यांतून थेट तिथे जाते, त्यामुळे गाडी चालवायचा प्रश्नच नाही. लांबट अरुंद मेजांवर अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. समोर येतो तो अर्धा लिटरचा, बाहेरून गोल खळगे पाडलेला पेला, 'डुब्बेग्लास'. त्यात वाइन आणि सोडा, 'शोर्ले', आणि वाइनचं प्रमाण भरपूर. रीत अशी की एक पेला मेजावरून फिरतो, शेजारचा घोट घेऊन तुमच्याकडे सरकवतो. आपल्या उष्ट्याखरकट्याच्या सवयीला हे अवघड जातं. चालत असेल तर डोळ्यांत बघून 'त्सुम वोल' म्हणा, एक घोट घ्या आणि पेला पुढे द्या. चालत नसेल तर स्वतःचा द्राक्षरसाचा शोर्ले मागवा आणि तो उंचावून त्यांच्यात सामील व्हा. दारू न घेणाऱ्याला इथे कुणी खिजवत नाही. मात्र नुसतं हात जोडून, मान वळवून बसलात तर तुम्हाला राग आला असावा असं त्यांना वाटतं.

वर्षातल्या कुठल्याही रविवारी करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे फाल्ट्सच्या जंगलातल्या 'ह्युटे', डोंगरातल्या खानावळी. फाल्ट्सर वाल्ड संघटना १९०२ पासून इथले पायवाटांचे खुणाफलक आणि या झोपड्या सांभाळते, आणि त्यातलं बरंचसं काम सभासद बिनपगारी करतात. २०२१ साली या झोपड्यांची संस्कृती जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. नॉयश्टाटपर्यंत एस-बाननं जायचं, दीड-दोन तास चढायचं, वर खिडकीशी रांग लावून आपली ताटली आपण आणायची, आणि भरलेल्या मेजापाशी जाऊन 'इस्ट हिअर नोख फ्राय?' विचारायचं. जागा आहे का एवढाच त्याचा अर्थ. जागा करून देतात आणि बोलायला लागतात. मोडकं जर्मन चालतं, उलट मोडकं असलं की ते जास्त कौतुकानं ऐकतात. जवळ रोख पैसे ठेवा, आणि झोपडी त्या दिवशी उघडी आहे ना हे निघण्याआधी बघा. ऑक्टोबरमध्ये वाटेवर चेस्टनट पडलेले असतात, ते वेचायला अख्खी कुटुंबं येतात. सिंहगडावर जाणाऱ्या आणि पिठलं-भाकरी खाऊन उतरणाऱ्या पुणेकराला इथे परकं वाटणार नाही.

गावातल्या गावात बघायचं ते एका दिवसात होतं. विल्हेल्म-हाक संग्रहालयाची बाहेरची भिंत होआन मिरोच्या चित्राच्या फरशांनी मढवलेली आहे, तिच्यापुढे थोडा वेळ थांबा. हेमशोफ ही जुनी कामगार वस्ती, आता तिथे तुर्की आणि इतर देशांची दुकानं आहेत. कोथिंबीर, भेंडी, हिरवी मिरची तिथेच घ्या. संध्याकाळी एबर्ट पार्क. उन्हाळ्याच्या शेवटी पार्किन्सेलवर, नदीकाठच्या झाडांखाली तंबू ठोकून जर्मन चित्रपटांचा महोत्सव भरतो, तो २००५ पासून चालू आहे. अर्धा दिवस श्पायरच्या कॅथीड्रलला द्यावा.

हायडेलबर्गला मात्र किल्ला बघून परत फिरू नका. तिथल्या विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था सुरू झाली, आणि मराठी माणसानं ज्यांचं ऋण मानावं असे ग्युंथर सोन्थायमर तिथे शिकवत. पुण्यात राहून, धनगरांच्या वाड्या-वस्त्यांवर फिरून, जेजुरी आणि पट्टणकोडोलीच्या यात्रा पाहून त्यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावर लिहिलं. त्यांचं मोठं जर्मन पुस्तक १९७६ सालचं. १९९२ साली ते गेले. ज्या ओव्या आपल्याकडच्या शहरी वाचकानं ऐकल्यासुद्धा नव्हत्या, त्या या माणसानं बिऱ्हाडांवर बसून टेप केल्या. ते पाहुणे म्हणून आले आणि यजमानांची भाषा, देव, जेवण, चालण्याची गती, सगळं शिकून घेतलं. आपण आठ-दहा दिवसांसाठी जाणारी माणसं, आपल्याकडून तेवढं होणार नाही. पण निघण्यापूर्वी दोन महिने रोज अर्धा तास जर्मन शिकायला काय हरकत आहे? पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, फोनवर धडे आहेत. नमस्कार, आभार, माफी, एक ते वीस आकडे, आणि आपण काय खात नाही हे सांगणारी दोन वाक्यं एवढं तरी येऊ द्या. सगळा वेळ मित्राला दुभाषा म्हणून राबवलं तर शेजाऱ्याशी ओळख त्याची होते, तुमची नाही.

इथे नोकरदार माणसाच्या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतात. म्हणून तिकिटाच्या आधी मित्राला विचारा की त्याला कुठला आठवडा मोकळा आहे, शेजारी कधी गावात आहेत, जत्रा कधी आहे. आणि तारखा ठरवताना मुक्कामात किमान दोन रविवार येतील असं बघा.